उष्टं शहर

दुपारी साडेतीनला काजलचा फोन यायचा. दीपमाला तो चारदा वाजू द्यायची आणि मगच उचलायची, जणू तिच्या हातात केवढं तरी काम होतं. खरं तर सव्वातीनपासूनच ती फोन मांडीवर घेऊन बसलेली असे. नागपूरच्या लकडगंजात तिच्या वडिलांची, आनंदरावांची, लाकडाची वखार होती. दुपारी ते जेवायला सक्करदऱ्याला घरी गेले की गिऱ्हाइकांच्या चौकटींची मापं लिहून घ्यायचं काम दीपमालेकडे यायचं. समोर आरामशीन सागवान कापत करकरत असायची, बाजूला कूलर घरघरत असायचा, आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये हॅम्बर्ग असायचं.

हेवा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नसेल, त्यानं त्या साडेतीन वाजता दीपमालेचं तोंड पाहायला हवं होतं. आवाज मधाचा आणि कपाळावर तीन आठ्या. काजल तिची सख्खी मावसबहीण. नरखेड तालुक्यातली, संत्र्याच्या बागेत वाढलेली. बारावी झाल्यावर शिकायला म्हणून मावशीकडे आली आणि दीपमालेच्या खोलीत, दीपमालेच्याच पलंगाशेजारी तिचा पलंग पडला. हॅम्बर्गचं खूळ दीपमालेचं होतं. शहररचना शिकायची तर अशा गावात शिकायची जिथं नदीतून जहाजं थेट शहराच्या पोटात शिरतात, हे तिनं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षीच ठरवलं होतं. भिंतीवर तिनं त्या शहराचा पलंगाएवढा नकाशा लावला होता. जर्मन ती शिकली, आणि रोज संध्याकाळी काजललाही तिनंच शिकवलं. काजलचं काय, तर "तू जाऊन राहिली तं मी बी येते," एवढंच.

आणि गेली कोण? तर काजल.

झालं ते असं. अर्जाची शेवटची तारीख होती पंधरा जानेवारी. काजलच्या हातून ऐन वेळी काहीतरी बिघडणार, या खात्रीनं दीपमालेनं संक्रांतीच्या दिवशी बसून आधी तिचा अर्ज भरला. स्वतःचा दुसऱ्या दिवशी भरू म्हणाली. दुसऱ्या दिवशी संक्रांतीची कर. दीपमालेची आई, इंदुताई, सकाळीच लॅपटॉपसमोर येऊन उभी राहिली.

"आज कर हाय. करीच्या दिवशी शुभ काम करते काय कोणी? उद्या भर."

"आई, उद्या तारीख निघून जाते."

पण दीपमाला हुशार. तिनं हिशेब मांडला की जर्मनी आपल्या साडेचार तास मागं. म्हणजे तिथली पंधरा तारीख आपल्याकडं सोळाच्या पहाटे साडेचारपर्यंत चालणार. रात्री बारानंतर अर्ज भरला की आपली करही टळली आणि त्यांची तारीखही साधली. हे ऐकून इंदुताईनं कपाळावर हात मारला.

"दिवस काय रात्री बारा वाजता बदलते? तो घड्याळाचा दिवस. आपला दिवस सूर्य निघाल्यावर बदलते."

एवढी शिकलेली मुलगी, तिनं हे का ऐकलं? एक तर आईनं डोळ्यांत पाणी आणलं. दुसरं म्हणजे मनातून तीही भ्यायली होती. परदेशात उद्या काही कमी-जास्त झालं असतं तर 'करीच्या दिवशी अर्ज भरला होता' हे तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं. सकाळी सूर्य निघाला, दीपमालेनं अर्ज उघडला आणि तो बंद झालेला होता. अडीच तासांपूर्वी. काजलचं निवडपत्र आलं तेव्हा पेढे दीपमालेनंच आणले, आणि मार्चच्या शेवटी विमानतळावर काजलच्या गळ्यात पडून रडलीही तीच. लोकांना वाटलं बहिणीची माया. मायाही होती, नाही असं नाही. पण त्या रडण्यात रुपयातले बारा आणे स्वतःसाठी होते.

पहिल्या महिन्यात मात्र हा हेवा तिला सोसला, कारण तिच्यावाचून काजलचं पान हलत नव्हतं.

"बाहेर निघाली? आता उजवीकडं वळ. पुढं चर्च येईन. चर्च दिसून राहिलं?"

"हो वं, दिसलं."

"त्याच्या मागून उतार हाय. तसाच नदीपर्यंत जाते."

आल्टोना भागातल्या आपल्या खोलीपासून धक्क्यापर्यंत, धक्क्यापासून वर्गापर्यंत काजल अशी कानातल्या आवाजावर चालायची. नदीतल्या बोटी विद्यार्थ्यांच्या पासावर चालतात, वेगळं तिकीट लागत नाही, हे तिला नागपुरातून कळलं. बासष्ट नंबरची बोट तीन नंबरच्या धक्क्यावरून सुटते, हेही नागपुरातूनच. नदीच्या खालून जाणाऱ्या जुन्या बोगद्यात काजल पहिल्यांदा लिफ्टनं उतरली, तेव्हा दीपमाला तिला म्हणाली, "आता भिंतीकडं पाह. फरशांवर मासे, खेकडे कोरलेले हायत." काजल पाहून ओरडली, "माय वं! तुले कसं मालूम?" त्या दिवशी दीपमाला इतकी खूश झाली की एका गिऱ्हाइकाच्या चौकटीचं माप तिनं सात फुटांऐवजी सहा लिहिलं आणि संध्याकाळी आनंदरावांची बोलणी खाल्ली. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती त्या शहरात नव्हती, पण शहर तिच्या ताब्यात होतं.

मे महिन्यात ते हातातून सुटायला लागलं. नागपूर पंचेचाळीस अंशांवर भाजत होतं, आणि फोनमधली काजल जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून मध्येच म्हणायची, "थांब, तिकडून नाही जात कोणी. मागून रस्ता हाय." कधी म्हणायची, "तो पूल सध्या बंद हाय, तुह्या नकाशात नसन." एकदा तर म्हणाली, "तुले इथं आल्याशिवाय नाही समजणार ते." सहज म्हणाली, मनात काही नसताना. दीपमालेच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. ज्या पोरीला दर्यापूर आणि दारव्हा नकाशावर दाखवता येत नव्हते, ती आता हॅम्बर्ग समजावणार! कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

त्यात काजलची आई यमुताई. इंदुताईची ही धाकटी बहीण कुठल्याही लग्नात गेली की अक्षता पडायच्या आत जर्मनीवर यायची. "आमच्या काजलच्या घरासमोरून जहाज जाते." घरासमोरून! घर आणि नदी यांच्यात सरळ पंधरा मिनिटांचा उतार होता, तो दीपमालेला पावलापावलानं पाठ होता. पण लग्नाच्या मांडवात नकाशा कसा उघडणार? अशा एका लग्नाहून परत येताना रिक्षात इंदुताईनं विषय काढला. "जुलैत पुन्हा अर्ज निघते म्हणत होती ना तू? पंधरा तारखेपर्यंत? भरून टाक."

"नाही भरत."

"काहून?"

"उष्टं शहर मले नाही पाहिजे."

"शहर का ताट हाय काय?"

"ताटच हाय. वाढलं मी, आन् खाल्लं तिनं. आता मी मांगून जाऊन बसू काय?"

यावर बोलायला इंदुताईला तोंडच नव्हतं, हे त्या दोघींनाही माहीत होतं. पण दीपमाला जे बोलली ते खरंच होतं. तिला जायचं होतं, अजूनही तितकंच जायचं होतं. पण काजलच्या मागून जाऊन, काजलनं 'ही माझी बहीण' म्हणून ओळख करून द्यायची, काजलनं रस्ता दाखवायचा, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यापेक्षा न गेलेलं बरं. जुलैची पंधरा तारीख जवळ येत होती आणि तिनं अर्जाचं पान उघडूनही पाहिलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला एक दिवस काजलनं फोन केला आणि उगाच मावशीची तब्येत, कूलरची जाळी, आनंदरावांचं ब्लडप्रेशर असं सगळं विचारत बसली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी सवय.

"बोल वं, काय पाहिजे?" दीपमाला म्हणाली.

काजलला निबंध हवा होता. वर्गात सांगितलं होतं की आपल्या खोलीपासून बंदराच्या शेवटापर्यंत पायी आणि बोटीनं जा, आणि काय दिसलं ते आठ पानांत जर्मनमध्ये लिहा. यात जो नापास होईल त्याला ते सत्र पुन्हा करावं लागणार होतं. "तुही जर्मन चांगली हाय. आन् रस्ता तं तुले मह्यापेक्षा जास्त मालूम हाय."

दीपमालेनं आढेवेढे घेतले. वखारीत काम फार आहे, शिकवणीची पोरं आहेत, वेळ कुठे आहे. आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चार दिवस ती वखारीत बसून लिहीत राहिली. चर्चची उंची, उताराचा कोन, गोदामं कोणत्या साली बांधली, बोटीचे थांबे कोणत्या क्रमानं येतात, पलीकडच्या काठावर कंटेनर उचलणाऱ्या क्रेन किती, सगळं. एकही विभक्ती चुकली नाही. नाव काजलचं लागणार होतं, पण हॅम्बर्गमधला एक मास्तर ते वाचणार होता, आणि मनातल्या मनात तो म्हणणार होता की हे शहर कुणाला समजलं असेल तर या मुलीला. या मुलीला म्हणजे कुणाला, हे दीपमालेला ठाऊक होतं. तिला तेवढं पुरलं असतं.

आठवड्यानं काजलचा फोन आला. साडेतीनला नाही, सकाळीच. वखारीचं शटर नुकतं वर गेलं होतं.

"वापस आला वं निबंध."

"वापस म्हणजे?"

काजलनं मास्तरांचा शेरा वाचून दाखवला. सर्व माहिती बिनचूक आहे. पण वारा कोणत्या बाजूनं होता? बोटीवर तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? धक्क्यावर कसला वास येत होता? यातलं काहीच इथं नाही. लिहिणारी व्यक्ती या रस्त्यानं कधी गेली आहे, असं वाटत नाही. पुन्हा लिहा, दोन आठवडे देतो.

"वारा?" दीपमालेचा आवाज चढला. "वाऱ्याचा काय संबंध? मी आठ पानं बरोबर लिहिली आन् त्याले वारा पाहिजे? त्या मास्तरले समजते काय काही!"

"समजलं वं त्याले. म्हणून तं वापस केला."

"तं मंग सांग मले, वारा कुठून येते ते. मी टाकते त्यात."

काजल म्हणाली, "मले नाही मालूम. खरंच नाही मालूम. मी अडीच महिने झाले इथं चालून राहिली, पण कानात तू. तू म्हणशीन तिकडं वळली, तू म्हणशीन तिकडं पाहिलं. मी या गावात एकदा बी चुकली नाही, दीपा. एकदा बी कोणाले रस्ता विचारला नाही. थोडे दिवस तू फोन नको करू. मी बी नाही करत."

आणि तिनं फोन ठेवला.

पुढचे दिवस कसे गेले ते दीपमालेलाच माहीत. साडेतीन वाजायचे आणि आरामशीन तेवढी ऐकू यायची. आधी तिला राग आला. ज्या पोरीला आपण बोलायला शिकवलं तिनंच आपल्याला गप्प बसवलं. मग रागाखालून दुसरंच काही वर आलं. काजल आता त्या गावात एकटी फिरत होती. कुठं जात होती, काय पाहत होती, हे कळायला दीपमालेकडं काहीही उरलं नव्हतं. आधी निदान उष्टं तरी मिळत होतं, आता तेही बंद. भिंतीवरच्या नकाशापुढं ती उभी राहायची आणि तिला वाटायचं, आत्ता या क्षणी ही कोणत्या गल्लीत असेल? मत्सरानं माणसाची झोप उडते म्हणतात. दीपमालेची भूकही गेली. दोन आठवड्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तरी इंदुताईनं विचारलं की ती म्हणायची, "ऊन लय हाय."

जूनच्या शेवटी काजलनं निबंध पाठवला. सोबत एकच ओळ, की पास झाली. दीपमालेनं तो वखारीत उघडला आणि लाल पेन घेऊन बसली. पहिल्याच पानावर सात चुका होत्या, आणि त्यांतल्या चार चुका तिनं काजलला दोन वर्षांत शंभरदा सांगितल्या होत्या.

काजलनं लिहिलं होतं की वारा समोरून येतो. जाताना समोरून आणि येतानाही समोरूनच. असं का, हे तिनं बोटीवरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, साठ वर्षं झाली, मीही हेच विचारतोय. ती बासष्ट नंबरच्या बोटीत बसली आणि शेवटच्या थांब्याला उतरून पुढं भलत्याच बसमध्ये चढली, कारण कानात कुणी नव्हतं. खिडकीतून पाहते तर सफरचंदाच्या बागा. जहाजं, क्रेन, कंटेनर मागं राहिले आणि ओळीनं झाडंच झाडं. ती उतरून कडेनं चालायला लागली. एका झाडाखाली सुपारीएवढी बारीक हिरवी फळं पडली होती. तिच्या बापाच्या बागेत संत्रा असा गळायला लागला की घरात तीन दिवस कुणी नीट जेवत नाही. म्हणून ती खाली वाकली आणि फळाचा देठ पाहायला लागली. तेवढ्यात बागेची मालकीण आली. आधी ओरडायलाच आली असावी. काजलनं मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, रोग आहे का? बाई म्हणाली, नाही, या महिन्यात झाड स्वतःच जास्तीची फळं टाकून देतं. मग दोघी तासभर कलमांवर बोलत बसल्या. काजलनं तिला सांगितलं की आमच्याकडं संत्र्याचं कलम जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधतात, आणि बाईनं ते वहीत लिहून घेतलं. निघताना ती म्हणाली, शनिवारी ये, चेरी तोडायच्या आहेत. निबंधात शेवटी असं होतं की बंदराचा शेवट कुठं होतो हे मला नीट सांगता येत नाही, पण मी गेले त्या बाजूला तो एका बागेत होतो.

शेवटच्या दोन पानांवर लाल पेन टेकलंच नव्हतं. हे दीपमालेच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या रात्री जेवण टाकून तिनं नकाशा पाहिला. बोटीच्या शेवटच्या थांब्यापलीकडं एक फिकट हिरवा पट्टा होता. पाच वर्षं तो भिंतीवर होता आणि तिचं बोट तिकडं एकदाही गेलं नव्हतं. तिच्या पोटात जे पेटलं ते इतके दिवसांच्या जळफळाटापेक्षा वेगळं होतं. आतापर्यंत तिला वाटत होतं की काजलनं आपलं शहर खाल्लं. आता कळलं की काजलनं आपल्या शहराला हातही लावलेला नव्हता. तिनं स्वतःचंच एक शोधून काढलं होतं, त्यात दीपमालेचं काहीही नव्हतं, आणि तिथं दीपमालेला कुणी बोलावलेलंही नव्हतं. हे तिला अजिबात सहन झालं नाही. थोर विचारानं माणसं उठतात असं पुस्तकात असतं. दीपमाला उठली ती निव्वळ जळून. आठ जुलैला, भर दुपारी, आरामशीनच्या आवाजात तिनं अर्ज भरला आणि पाठवून दिला. पंचांग पाहिलं नाही आणि आईला विचारलंही नाही.

मग तिनं काजलला फोन लावला. या वेळी पलीकडं तो चारदा वाजला.

"निबंध चांगला झाला," दीपमाला म्हणाली. हे म्हणायला तिला फार कष्ट पडले. "मी अर्ज भरला वं. ऑक्टोबरसाठी."

"हो? कुठी?"

"कुठी म्हणजे? तिथंच."

काजल लगेच काही बोलली नाही. थांबली, एवढंच; पण दीपमालेनं सहा महिने याच एका गोष्टीचा अभ्यास केला होता. आवाज मधाचा ठेवायला माणसाला किती वेळ लागतो, हे तिला तंतोतंत माहीत होतं.

"इथंच?" काजल म्हणाली. "बरं हाय ना. नाही, म्हणजे, बर्लिन बी चांगलं हाय म्हणते सगळे. तुले मोठं गाव आवडते. इथं तं पाऊसच लय."

"मले चालते पाऊस."

"तू आली का मंग पुन्हा सुरू होशीन. इकडं वळ, तिकडं पाह."

"नाही सांगत. तूच दाखव मले सगळं." आणि मग, अगदी सहज विचारावं तसं, "त्या बागेत नेशीन ना?"

पलीकडं वारा फोनमध्ये भरभर वाजत होता. काजल कुठं उभी होती कोण जाणे. दीपमालेनं विचारलं नाही.

"ये तू," शेवटी काजल म्हणाली, आणि तिच्या आवाजातला मध पार संपला होता. "पण बागेत मी एकटीच जाईन."

जानेवारीपासून कुणाच्याही बोलण्यानं दीपमालेला इतकं बरं वाटलं नव्हतं.